सर्व्हर स्टेबल झाला की घे

आमच्या धंद्यात कोडच्या दोन ओळी लिहून होईपर्यंत चार किस्से तयार होतात. परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात आमचं ऑफिस. रक्त तपासणाऱ्या लॅबना आम्ही रिपोर्टचं सॉफ्टवेअर देतो, ते लिनक्स सर्व्हरवर चालतं. तिथे एका पॅकेजला, म्हणजे छोट्या प्रोग्रामला, दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. मधलं एक बिघडलं की अख्खी वरात रस्त्यात उभी! त्यामुळे जरा शांतता झाली तरी आम्हाला चैन पडत नाही. काहीतरी तुटलंय, फक्त अजून कळलेलं नाही, असं वाटत राहतं आणि सगळे पाय हलवत बसतात.

*

आमच्या टीममधल्या संतोषला प्रिंटरचं एक पॅकेज टाकायचं होतं. मशीनने विचारलं, त्यासाठी खालची पॅकेजेस काढावी लागतील, काढू का? खाली ही लांबलचक यादी. संतोषने 'वाय' दाबलं. प्रिंटर आला, बाकी सगळं गेलं!

आमचे मॅनेजर गावकर सर धावत आले. "अरे, यादी वाचलीस का?"

"सर, टर्म्स अँड कंडिशन्स कोण वाचतं!"

दुसऱ्या दिवशी सुजाता कांबळेच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सुजाता आमच्यातली सगळ्यात शांत मुलगी. सरांनी तिची रजा रद्द केली आणि ऑपरेशनची तारीख हुकली.

*

मग एका पॅकेजला जुनी लायब्ररी हवी, दुसऱ्याला नवी, आणि दोन्ही एका मशीनवर नांदेनात. करी रोडला घरी जेवताना मी फोनवर संतोषशी त्यावरूनच भांडत होतो. आई ऐकत होती.

"मगे तेंका येगळी चूल मांडून दी! बोंब कित्याक मारतंस?"

आठवडाभर डोकं फोडून आम्ही शेवटी तेच केलं, दोघांना वेगवेगळी मशीनं दिली.

*

यानंतर सरांनी धसकाच घेतला. अपडेट बंद! सर्व्हरवर चिठ्ठी चिकटवली, 'हात लावू नये'. पुढे ऑडिटवाला आला. म्हणाला, "साहेब, ही सिस्टिम इतकी जुनी आहे की हिचे अपडेट जिथून येतात ती रिपॉझिटरीच बंद झालीय."

"उत्तम!" सर म्हणाले. "मग हॅकरला तरी कुठे सापडणार?"

ऑडिटवाल्याने चहा अर्धाच ठेवला.

*

सुजाताने पुन्हा रजा मागितली. "सर, आईला आता जिना नीट दिसत नाही. परवा वडाळ्याला घरी उतरताना पडता पडता वाचली."

"सर्व्हर स्टेबल झाला की घे ना."

"सर, तोपर्यंत तिचा दुसरा डोळा पण येईल ऑपरेशनला!" संतोष म्हणाला. कुणी हसलं नाही. मला सरांचा भयंकर राग आला होता, पण मीही मान खाली घालून टाइप करत राहिलो. सुजाता हेडफोन लावून कामाला लागली.

*

आणि मग ऑडिटच्या शेऱ्यामुळे अपडेट करावंच लागलं. केलं, तर रिपोर्टवर पेशंटच्या नावांऐवजी नुसते चौकोन! मराठी अक्षरं जुळवणारं एक छोटंसं फुकटचं पॅकेज नव्या व्हर्जनशी पटेनासं झालं होतं. ते सांभाळणाऱ्याचं खरं नाव कुठेच नव्हतं, नुसतं 'ग्रेक्रो'.

"कुठे तरी अमेरिकेत लोळत असेल हा ग्रेक्रो! त्याला काय पडलीय मराठीची!" सर दिवसभर त्याचा उद्धार करत होते. लॅबवाल्यांचे फोन थांबेनात. शेवटी सरांनी त्याला कडक इंग्रजीत मेल लिहिला आणि आम्हाला वाचून दाखवला. निष्काळजीपणा, बेजबाबदारपणा, सगळं होतं त्यात.

थोड्या वेळाने उत्तर आलं, मराठीत. सरांना मेल मोठ्याने वाचायची सवय. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि ओळीगणिक त्यांचा आवाज उतरत गेला.

"आदरणीय सर, चूक मान्य. हे पॅकेज मी कामावरून घरी गेल्यावर सांभाळते. दुरुस्ती जवळपास झालीय, फक्त शांतपणे तपासायला वेळ हवा. उद्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. रजा दिलीत तर हॉस्पिटलच्या बाकावर बसून पूर्ण करते. आपली, सुजाता. तुमच्या मागचं टेबल."