डावीकडचं बटन

वस्तू जागच्या जागी ठेवणारी माझ्या बायकोसारखी बाई सगळ्या वर्धा जिल्ह्यात झाली नाही, हे मी चौथी शिकलेला माणूस छातीठोक सांगतो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे केळझरच्या एका म्हाताऱ्याच्या फाटक्या फोटोची कड सांधणं. कॉम्प्युटरचं पेन तिच्या हातात, बटन माझ्या बोटाखाली. संध्याकाळ होती, गॅसवर वरण होतं.

बटनाचं नीट सांगायला पाहिजे. सेलूत आमचा फोटो स्टुडिओ. फोटो मी काढायचो, चेहरे ती सुधारायची. आधी निगेटिव्हवर शिसपेन्सिलीनं; पुढं कॉम्प्युटर आला, त्याची काळी पाटी आणि पेन आलं; पाटीवर पेन फिरवलं की पडद्यावर उमटे. पडद्यावर फोटोच्या कडेला रंगांचे, ब्रशचे चौकोन असतात. ती त्यांना डबे म्हणे. पेन जरा घसरलं की डबा पेनाला चिकटून थेट फोटोवर येऊन बसे. एकदा नवरीच्या नाकावर बसला, तर ही दुपारी जेवली नाही. स्वयंपाकघरात फळीवर प्रत्येक डब्याभोवती तिनं खडूनं गोल काढलेले, माझ्या खुर्चीच्या चारी पायांभोवतीसुद्धा. जावई पहिल्यांदा घरी आला आणि खुर्ची सरकवून बसला. तिनं त्याला आधी उठवलं, मग पाणी दिलं. पाटीखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले, तरी पडद्यावरचे डबे हलायचेच. शेवटी कॉम्प्युटरवाल्यानं उपाय सांगितला. कीबोर्डच्या डावीकडचं टॅबचं बटन दाबलं की सगळे डबे गायब, पुन्हा दाबलं की हजर. डबाच दिसत नाही, तर पेन ओढणार काय? "उजव्या हातात पेन, डाव्या हातानं बटन," तो म्हणाला. ही म्हणाली, "मी का तबलजी होय? बटन हे दाबतीन."

त्या दिवसापासून मी बटनाला बांधला गेलो. ती म्हणे "झाका", मी दाबायचो. "उघडा", पुन्हा दाबायचो. गिऱ्हाईकं हसायची. तिचा डावा हात तेवढा वेळ रिकामाच असे, माझ्या गुडघ्यावर. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही.

त्या संध्याकाळी ती "झाका" म्हणाली आणि मला डुलकी लागली होती. डबा म्हाताऱ्याच्या कपाळावर.

"काऊन जी, झोपले काय?"

"मी नाई झोपलो. तुझंच पेन घसरलं."

"पेन तं घसरतेच. म्हणून तं तुम्हाले बसवलं."

मी तोंड फिरवलं. ती म्हणाली, "राहू द्या. वरण लागन बुडाले. सकाळी ठेवू जागेवर." जेवायला मी तिच्याकडे पाठ करून बसलो. चटणी मात्र तिनं रोजच्यासारखी माझ्या हाताशी ठेवली.

पहाटे ती उठली नाही. झोपेतच गेली.

सकाळी घर माणसांनी भरलं. बायांनी तिला आंघोळ घालायला घेतलं आणि मला खोलीबाहेर काढलं. मी स्टुडिओत गेलो. तिच्या खुर्चीवर बसलो, खुर्ची न हलवता. कॉम्प्युटर रात्रभर चालूच राहिला होता. डबा म्हाताऱ्याच्या कपाळावर तसाच होता. पेन उजव्या हातात घेतलं. तीनदा ओढावं लागलं, तेव्हा डबा तिनं ठरवलेल्या जागेवर बसला. "मीच झोपलो होतो," म्हटलं. मग डाव्या हातानं बटन दाबलं. सगळे डबे गेले.

एका माणसाचंच काम होतं ते.