बोकडाची हासळी

शिरूर अनंतपाळच्या बाजूला कुणी विहिरीचा गाळ काढला, घराचा पाया खणला आणि हाड निघालं, की दुपारपर्यंत त्याचा फोटो माझ्या मोबाइलवर येतो. खाली एकच प्रश्न असतो: माणसाचं का जनावराचं? तोवर गावानं खून कुणी केला इथपर्यंत ठरवलेलं असतं. मी लातूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. फोटो बघून ‘वासराचं आहे’ असं कळवते आणि अख्ख्या गावाची घोर निराशा करते. हाडाला हाड लावून बघायची ही विद्या पोलिसांना लागते, गुरांच्या डॉक्टरांना लागते, दगडात सापडलेल्या जुन्या जनावराचं गणगोत शोधणाऱ्यांनाही लागते. मला तिची गोडी ज्यांनी लावली ते गृहस्थ दहावी नापास होते, आणि त्यांनी मला साफ चुकीचं शिकवलं होतं.

मी याच कॉलेजात बी.एस्सी. करत होते तेव्हा प्रयोगशाळेत एक मामा होते. हुद्दा परिचराचा, पण कारभार सगळा त्यांचाच. कपाटांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. शिकवताना आमच्या सरांना एखादी नस सापडली नाही की सर खोकायचे. तो खोकला ऐकून मामा पुढे यायचे, चिमट्यानं नस वर उचलायचे आणि पुन्हा भिंतीला टेकून उभे राहायचे.

प्रयोगशाळेचं वैभव म्हणजे बोकडाचा सांगाडा. तो मामांनी स्वतःच्या घरच्या कंदुरीतून आणलेला. नवस फेडायला बोकड कापून भावकीला जेवू घालतात, त्याला आमच्याकडे कंदुरी म्हणतात. त्या दिवशी मामांनी बोकड कापणाऱ्या मुलाण्याला बजावलं होतं, “येक बी हाड फोडायचं न्हाई. मटन खरडून काढा.” परिणामी पंगतीत एकाच्याही ताटात चोखायची नळी पडली नाही. मामांचे व्याही नळीचे भारी शौकीन. ते जे रुसून उठले ते वर्षभर मामांशी बोलले नाहीत. मामांनी मात्र हाडं सोड्यात उकळली, कॉलेजच्या गच्चीवर कावळे हाकत वाळवली आणि तारेनं एकेक जोडली. जोडताना नमुना म्हणून शेजारच्या कपाटातला माणसाचा सांगाडा समोर ठेवला होता. त्या बोकडावर आमच्या कित्येक बॅचा शिकून बाहेर पडल्या.

शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. मला एम.एस्सी.ला नांदेडला जायचं होतं. लेखीत माझं एका पेपरला जरा घसरलेलं, त्यामुळे सगळी भिस्त प्रात्यक्षिकाच्या मार्कांवर. ते गेले तर चुलत्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं हे घरात ठरून गेलं होतं. चुलत्यानं माझ्यासाठी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. त्या खुर्चीची मला स्वप्नं पडायची.

बाहेरच्या परीक्षक मॅडम नांदेडहून सकाळच्या बसनं आल्या. अर्धापूरच्या केळ्यांची फणी सोबत. माझी तोंडी सुरू झाली तेव्हा त्या केळ सोलत होत्या.

“खांद्याची हाडं दाखव.”

मला हायसं वाटलं. डोळे मिटून सांगता आलं असतं. “हा खवाटा,” मी म्हणाले, आणि खवाट्यापासून छातीकडे येणाऱ्या बारीक, वाकड्या हाडावर ऐटीत बोट ठेवलं. “आणि ही हासळी. क्लॅव्हिकल.”

मॅडमचं चावणं थांबलं. “शेळीला?”

“हो मॅडम. दोन. एक इकडं, एक तिकडं.”

“बरगड्या मोज.”

मोजल्या. बारा जोड्या.

“शेळीला किती असतात?”

पुस्तकात तेरा होत्या. पुस्तकातलं ते पान मला त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसलं. त्या पानावर हासळी नव्हती हेही दिसलं. मॅडम खाली वाकल्या, माझ्या त्या हासळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “ही शेवटची बरगडी आहे. हिला इथं कुणी आणून बसवलं?”

आमचे सर लगेच पुढे झाले. “मॅडम, ह्या पोरींनी परवा सांगाडा धुतला. तेव्हाच उद्योग केलेला दिसतोय.”

माझी वही टेबलावर उघडीच होती. तीत बोकडाचं सुरेख चित्र, त्याला ठळक हासळी, आणि खाली सरांची लाल सही, मागच्या वर्षीची. मॅडमनी ते बघितलं. सर खोकले. या वेळी त्या खोकल्याला कुणी धावून आलं नाही.

“मग जोडलं कुणी?” मॅडमनी मला विचारलं. त्यांचा पेन माझ्या मार्कांच्या रकान्यावर टेकलेला होता. मामा दारात चहाचा ट्रे घेऊन उभे. त्यांच्या रिटायरमेंटला तीन महिने उरले होते. मला ती खुर्ची दिसली. मी तोंड उघडलं, “मॅडम, ते...”

“पोरीला काय बोलू नका म्याडम.” मामांनी ट्रे खाली ठेवला. “म्या जोडलंय ते. माणसाची हाडं मोजली, बोकडाची मोजली. माणसाला बरगड्याच्या बारा जोड्या, ह्याला तेरा. अन् माणसाला हासळी हाय, ह्याला न्हाई. म्हणलं, हिकडं येक जोडी जास्त, तिकडं येक जोडी कमी. कंदुरीच्या गडबडीत माझ्याच हातून अदलाबदल झाली आसंल. मंग जागच्या जागी लावून टाकली.”

मग मॅडम अशा हसल्या की त्यांना ठसका लागला आणि मामांनाच पाणी आणायला पळावं लागलं. पाणी पिऊन त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या.

“आता तू सांग. ह्यांचं नेमकं चुकलं कुठं?”

मी घाबरलेली होते, म्हणूनच बहुतेक डोकं चाललं. “मोजण्यात नाही चुकलं, मॅडम. माणूस नमुना धरला, तिथं चुकलं. शेजारी गायीचा नाहीतर कुत्र्याचा सांगाडा ठेवला असता तर तेरा दिसल्या असत्या.”

“आणि हासळी का नाही शेळीला?”

“तिला पाय बाजूला फाकवून काही धरायचं नसतं. नुसतं मागं-पुढं पळायचं असतं. आपल्याला हात पसरायचे असतात, कुणाला जवळ घ्यायचं असतं, म्हणून खांदा आवरून धरायला ते हाड लागतं.”

पेन हलला. मला नांदेड मिळालं, आणि चुलत्याच्या खुर्चीवर चुलती बसली. मामांनी त्याच दुपारी दोन्ही बरगड्या सोडवून मागे जागेवर लावल्या. तारेसाठी पाडलेली भोकं तेवढी राहिली.

ती अजून आहेत. शिकून मी इथेच शिकवायला आले, आणि मामा रिटायर होऊन कित्येक वर्षं झाली तरी सहा महिन्यांतून एकदा प्रयोगशाळेत डोकावतात. मुलं भोकांबद्दल विचारतात, आणि मामा सगळी कथा सांगतात, नळीवाल्या व्याह्यांसकट. शेवट मात्र त्यांचा वेगळा असतो.

“ह्या बाईला ठाऊक होतं म्या जोडलंय ते. तरी माझं नाव घेतलं न्हाई. सोताच्या अंगावर घ्याया तोंड उघडलं हुतं पोरीनं. म्याच मधी बोललो म्हणून.”

खरं सांगते, मी त्यांचं नाव घ्यायलाच तोंड उघडलं होतं. ‘मामांनी’ हा शब्द जिभेवर आलेला होता. ते माझ्याआधी बोलले, एवढंच. इतक्या वर्षांत मला ते त्यांना सांगायला जमलेलं नाही. मी त्यांना चहा देते, वर बिस्किटं देते.

ते सांगताना मामा माझ्या खांद्यावर हात ठेवतात, अगदी हासळीवर. हे हाड माणसाला कशासाठी असतं ते मी दरवर्षी वर्गात शिकवते. त्यांचा हात तिथं असला की मात्र वाटतं, बोकडासारखं मलाही ते नसतं तर बरं झालं असतं.