त्या आखाजीला भाऊ न्यायला आला नाही

आखाजीच्या आदल्या दिवशी शिंदखेड्याला सासरच्या ओट्यावर मी सकाळपासून पिशवी भरून बसले होते. भाऊ न्यायला येणार होता… दुपार टळली, शेवटची गाडी गेली, तरी तो काही आला नाही.

सासू आतून म्हणाली, "उना नही का तुना भाऊ? ऊठ मग, पानी भर."

नव्वदच्या आसपासची गोष्ट. लग्नाला दोन वर्षं झाली होती. आम्ही ख्रिस्ती, माहेर आणि सासर दोन्हीकडून. माहेर फैजपूरला, बाबा तिथे केळीच्या बागेत कामाला.

आता कुणी म्हणेल, ख्रिस्ती माणसाला कसली अक्षय्य तृतीया? अहो, खानदेशात आखाजीला लेक माहेरी येते म्हणजे येतेच. माझी माय काही पितरांची घागर भरत नव्हती, गौराई बसवत नव्हती. लिंबाला झोका बांधायची आणि खापरावर पुरणपोळ्या करायची, एवढंच.

नाताळला मला माहेरी जाता यायचं नाही. सासरी नाताळ मोठा, करंज्या लाटायला सून पाहिजे. म्हणजे सगळ्या वर्षात माझा दिवस एकच…

त्या वर्षी माहेरच्या चर्चमध्ये नवे पाळकसाहेब आले. चर्च कसलं, पत्र्याची एक खोली. त्यांनी सांगितलं, आखाजी मूर्तिपूजकांची, ती बंद. नाताळही बंद. पंचवीस डिसेंबर शास्त्रात कुठेच नाही, ती म्हणे आधी सूर्यदेवाच्या सणाची तारीख. चांदणी, झाड, सगळं तिकडूनच आलेलं.

निम्मी माणसं भांडून निघून गेली. बाबा राहिले. ख्रिस्ती होण्यासाठी आजोबांनी अख्खी भावकी सोडली होती, त्यामुळे देवाला अर्धंमुर्धं देणं बाबांना जमायचंच नाही. भावाला त्यांनीच अडवलं होतं.

मी गप्प बसणारी नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या ह्यांना म्हटलं, मला गाडीत बसवून द्या. त्यांनी आईकडे न बघता बसवून दिलं… तेवढं त्यांचं चांगलं. धुळे, जळगाव, तीन गाड्या बदलत फैजपूरला पोचले तर उन्हं कलली होती.

गल्लीत दारोदार झोके, पोरींची गाणी. आमच्या लिंबाची नुसती फांदी. मायने मला बघितलं आणि तोंडाला पदर लावला. मग माझ्या केसात तेल घालायला बसली.

बाबा बागेतून आले. "काहाले आली?"

"तुम्हाला भेटायला."

"आज?"

"मग कधी? तुमच्या देवाला आजचा दिवस चालत नाही, मला दुसरा मिळत नाही!"

बाबा चिडले असते तर बरं झालं असतं. मीही भांडले असते. ते खाली बसले आणि म्हणाले, "बाई, लोक म्हनतीन याच्या घरी आखाजी झाली. मी चर्चमधी सगळ्याइच्या समोर हात वर करून कबूल केलं हाये. तू आठ दिवसांनी ये, मंग महिनाभर ऱ्हाय."

माय एकदाच बोलली. "आठ दिवसांनी तिले कोन धाडते?"

"मी जातो न आनाले."

सकाळी पहिल्या गाडीला बाबांनीच नेऊन बसवलं. माझी पिशवी त्यांच्या खांद्यावर. गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभे होते… तो माणूस दुष्ट नव्हता हो. दुष्ट असता तर विसरून गेले असते मी.

आठ दिवसांनी खरंच आले शिंदखेड्याला. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. सासूने पाणी दिलं आणि विचारलं, "आज काय शे नाना, पोरले लई जावाले?"

बाबा म्हणाले, "काही नाही. तिच्या मायची भेट होईन."

"काही नही ना? मंग वावरमा काम पडेल शेतस." म्हणजे शेतातली कामं सोडून सून पाठवायची नाही.

झालं. अर्धं बायबल तोंडपाठ असलेला माणूस, पण त्यात लेक न्यायचं निमित्त नव्हतं. माय आजारी आहे एवढं म्हणाले असते तरी सासूने धाडलं असतं. पण खोटं बोलणं पाप. पाणी प्यायले, माझ्याकडे बघितलं आणि उठले.

श्रावणात माय गेली. तेव्हा सासूने स्वतः मला गाडीत बसवलं, पदराने डोळे पुसत. मरणाला कुणी कारण विचारत नाही.

पाळकसाहेब दोन-तीन वर्षांत बदलून गेले. पत्र्याच्या खोलीवर पुन्हा चांदणी लागली, लोक परत आले. बाबांनी मात्र मरेपर्यंत ना नाताळ केला, ना आखाजी. मी त्यांना कधी काही विचारलं नाही… विचारून माय थोडीच येणार होती.

आमच्या चर्चच्या ग्रुपवर दर डिसेंबरला हाच वाद निघतो. नाताळ खरा की खोटा, तारीख कुणाची, झाड कुणाचं. मी चौथी शिकलेली बाई, दोन हजार वर्षांपूर्वी कोण काय पुजत होतं मला काय ठाऊक. तुम्ही शिकलेले आहात, ठरवा.

फक्त एखादा सण बंद करायच्या आधी बघा, त्या सणाच्या नावावर कोणाचं पाऊल घराबाहेर पडतं. देवाला दिवस लागत नसेल. सुनेला लागतो.

आता सासूही नाही. भाऊ सुरतला गेला तो तिकडचाच झाला. कोणत्याही वारी उठून फैजपूरला जाऊ शकते मी, कुणी हात धरणार नाही…

जाऊन कुणाचं दार वाजवू, एवढं सांगा.