वर्दीतला हरेश्वर

आधी कबूल करून टाकते, मग पुढचं लिहिते. आमच्या डहाणूच्या नाक्यावर जनरलसाहेबांचा जो पुतळा आहे, त्याच्यावरचा चेहरा जनरलसाहेबांचा नाही. तो त्यांच्या धाकट्या भावाचा, हरेश्वरचा आहे, आणि ही करामत माझी. गेल्या महिन्यात हरेश्वरभाऊ गेले. त्यांच्या मुलाचा सकाळी फोन आला, “बाई, बाबा झोपेतच गेले,” आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? की आता नाक्यावरून जाताना पुतळ्याकडे बघायचं कसं...

पुतळा झाला त्या वर्षी मी वेवजीच्या शाळेतून बदली होऊन नुकतीच गावात आले होते. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स आणि डोक्यात एवढी हवा, की फुगा म्हणून जत्रेत विकली असती. जनरलसाहेब वारले, शेजारच्या धाकटी डहाणू गावच्या मच्छीमाराचा मुलगा एवढा मोठा झाला म्हणून पुतळा करायचं ठरलं आणि समितीत एक बाई हवी म्हणून मला घेतलं. वर्तमानपत्रांत साहेबांचे फोटो होते ते म्हातारपणचे, टक्कल आणि चष्म्यासकट. मी हट्ट धरला, “पुतळा तरुणच हवा. पोरांना स्फूर्ती कशाने मिळणार, टकलाने?” शिल्पकार उंबरगावचा. तो म्हणाला, “बेन, चहेरो चोख्खो देखाय एवो फोटो लावजो.” मी निघाले चेहरा स्वच्छ दिसेल असा फोटो आणायला.

साहेबांच्या आईच्या घरी भिंतीवर दोन फोटो शेजारी शेजारी लावले होते. एकात लष्करी वर्दीतला रुबाबदार तरुण, दुसऱ्यात डोक्याला रुमाल बांधून खांद्यावर जाळं घेतलेला. मी वर्दीवाला खाली उतरवला. आई म्हणाल्या, “अगं बाई, पण तो...” मी म्हटलं, “मला कळतं, आई.” “ऐक तरी...” “शिल्पकार थांबलाय!” आणि फोटो पर्समध्ये घालून मी टकटक करत निघूनही गेले. जे ऐकलं नाही ते असं होतं : दादा पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा त्याने बाजारातल्या फोटोवाल्याकडे जाऊन धाकट्याला आपली वर्दी चढवली होती आणि स्वतः त्याचे कपडे घालून जाळं खांद्यावर घेतलं होतं. “आज तू साहेब, मी होडीवरचा तांडेल!” म्हणजे जाळंवाला तो जनरल. भावाभावांत साम्य इतकं, की समितीत कुणाला शंकासुद्धा आली नाही.

अनावरणाच्या दिवशी पडदा सरला, बँड वाजला, टाळ्या झाल्या. मी हारांचं ताट धरून आईंच्या शेजारी उभी. त्यांनी पुतळ्याकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या हरेश्वरकडे, मग माझ्याकडे. पाहुण्यांनी पुतळ्याच्या गळ्यात हार घातला तशी त्यांनी माझा दंड घट्ट पकडला. “बाई, हा माझा हऱ्या आहे गो! जित्या पोराच्या गळ्यात हार घालतात हे!” माझ्या डोक्यातली हवा तिथेच फुस्स झाली. मी वळून पाहिलं, तर हरेश्वरभाऊ ओठांवर बोट ठेवून उभे.

संध्याकाळी रडत त्यांच्या घरी गेले. आई मीठमोहऱ्या आणि मिरच्या ओवाळून त्यांची दृष्ट काढत होत्या. मी म्हटलं, “उद्या सगळ्यांना सांगते आणि पुतळा उतरवायला लावते.” भाऊ ठसका आवरत म्हणाले, “पुतळा उतरवला तर गाव हसेल, आणि हसेल ते दादाच्या नावाला. वर्दी तर त्याचीच आहे ना? मग झालं. आणि तुम्ही एकदा तरी गप बसा, बाई.” दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दाढी वाढवली, कुणी ओळखू नये म्हणून. खाऱ्या वाऱ्यात ती चिकट व्हायची, खाजायची. त्यांची बायको जानकी मला बाजारात गाठून सांगायची, “तुमच्यामुळे माझं लग्न बोकडाशी लागलं!”

पुढे साहेबांच्या दर जयंतीला एक नेम होऊन गेला. नाक्यावर पुतळ्याला हार पडला, की घरी भाऊंची दृष्ट. आई गेल्यावर ते काम जानकीकडे आलं. ती हसत काढायची, पण एकदा ओवाळून तिचं समाधान व्हायचं नाही, पुन्हा पहिल्यापासून ओवाळायची. मीही त्या दिवशी तिथेच जेवायची, भाऊ नीट गिळतायत ना, श्वास घेतायत ना, हे चोरून बघत. भाऊंना ते कळायचं. ते मुद्दाम डोळे मिटून मान टाकायचे आणि मी किंचाळले की खदाखदा हसायचे. शेवटी शेवटी मी म्हटलं, “भाऊ, आता काढा ती दाढी. पुतळा तरुण राहिला, तुम्ही म्हातारे झालात, कोण ओळखणार?” तर म्हणाले, “असू दे. दाढीच्या आतला साहेब सुखात आहे.” त्या हारांनी त्यांचं काही वाकडं झालं नाही. पोरंबाळं, नातवंडं, पतवंड बघून, आदल्या रात्री कोलंबीचं कालवण दोनदा मागून खाऊन माणूस गेला. मरण मागावं तर असं.

दिवसकार्य झाल्यावर मी जानकीकडे गेले. जयंती जवळ आलेली, पुतळ्याला रंग द्यायचं चाललेलं. मी म्हटलं, “आता खरं सांगून टाकते. भाऊंनी दादासाठी झाकलं, माझ्यासाठीही झाकलं. आता हसले तर या म्हातारीला हसतील. नवा चेहरा करू देत, जनरलसाहेबांचा.” जानकी सुके बोंबील निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि पदराला हात पुसले.

“खबरदार, बाई! मोठे भाऊजी जाळं घेऊन भिंतीवर आहेत, त्यांना मी रोज दिवा दाखवते, त्यांचं काही अडलेलं नाही. पण त्या हाराला घाबरत माझा जन्म गेला. आता घाबरायचं कारण उरलं नाही. या जयंतीला तुम्ही फक्त शिडी धरा... हार मी घालते.”