केदार भरतोय ना

सुमनमावशी कुठलीही गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय पुढे जायच्या नाहीत. दुकानातून निघताना दारातच उभं राहून बिल वाचायच्या, मागच्यांची वाट अडवून. दुधाच्या बाटलीवरची तारीख बघायच्या आणि घरी आल्यावर झाकण उघडून वासही घ्यायच्या. "तारीख छापणारा माणूसच ना गं, चुकतो," म्हणायच्या. टार्निट या उपनगरात आमची घरं शेजारी-शेजारी. जेवणं उरकली की त्या मागचं दार लॉक करायच्या, दोन पावलं जायच्या आणि परत येऊन ओढून बघायच्या. मात्र त्यांचा मुलगा केदार "मी लावलंय" म्हणाला, की दाराकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत.

मावशींनी इंग्लंडमध्ये बावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी केली. काका गेले, इथे केदारला जुळ्या मुली झाल्या आणि "आई, तू ये" असा फोन आला. छप्पन्नाव्या वर्षी नोकरी सोडून बाई निघाल्या. तिथलं सरकारी पेन्शन पूर्ण मिळायला वर्षं कमी पडत होती. पण ती वर्षं परदेशातूनही स्वतःच्या खिशातून भरता येतात, हे त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं. फ्लॅट विकून आलेल्या पैशातून तेवढी रक्कम त्यांनी केदारच्या हातात दिली आणि सांगितलं, दर वर्षी माझं भर. दर एप्रिलला विचारायच्या, "भरलंस ना रे?" तो म्हणायचा, "हो गं आई."

"पावती बघितलीत कधी?" मी एकदा विचारलं.

"पोटच्या पोराकडे पावती मागू?" त्या म्हणाल्या, आणि दोन दिवस माझ्याशी तुटक बोलल्या.

हात पसरायचा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. "वाढदिवसाला नातींना ओवाळलं की त्यांच्या हातावर मी काहीतरी ठेवते. ते केदारकडून घेऊन केदारच्याच घरात ठेवण्यात काय अर्थ आहे? माझे हवेत."

लॉकडाऊनच्या वर्षी त्यांना सहासष्ट पूर्ण झाली, म्हणजे तिथलं पेन्शन सुरू व्हायचं वय. पेन्शनचं विचारलं की केदार म्हणायचा, "कोविडमुळे तिकडे सगळं स्लो आहे." आम्हा दोघींना फिरायला दिवसाचा एक तास मिळायचा. एका संध्याकाळी, तिकडचं पेन्शनचं ऑफिस उघडायच्या वेळेला, त्या म्हणाल्या, "वैशाली, तुझ्या फोनवरून लावून देतेस? केदारला कशाला त्रास, बिचारा दिवसभर मीटिंगमध्ये असतो." तेव्हाही मनात संशय नव्हता हो त्यांच्या.

तळ्याकाठच्या बाकावर आम्ही मास्क लावून बसलो. अर्धा तास नुसती ट्यून वाजली. मग एक बाई अगदी गोड आवाजात म्हणाली, तुम्ही नोकरी सोडल्यापासून आमच्याकडे काहीही भरलं गेलेलं नाही. मावशींनी आडनावाचं एकेक अक्षर सांगून तिला परत बघायला लावलं. तिने परत बघितलं. एकही वर्ष भरलेलं नव्हतं.

"चल, तास संपत आला," मावशी म्हणाल्या. त्याच रात्री त्यांनी केदारला विचारलं.

पैसे केदारने हे घर विकत घेताना भरलेल्या डिपॉझिटमध्ये गेले होते. "'इथेच राहतेस ना तू?' म्हणाला मला," मावशींनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. "घराला लागले म्हणून राग नाही गं. मागितले असते तर दिले असते. पण दर एप्रिलला माझ्या तोंडाकडे बघून हो म्हणाला. दहा वेळा."

मला केदारचा संताप आला. अजूनही येतो. मावशी मात्र त्याचा डबा, मुलींच्या वेण्या, सगळं पूर्वीसारखंच करत राहिल्या. हातातल्या दोन बांगड्या विकून त्यांनी एक वर्ष स्वतः भरलं आणि त्याची पावती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. पेन्शन सुरू झालं, बेताचंच.

निर्बंध उठल्यावर आम्ही कॅनबराला कायमचं राहायला निघालो, तेव्हा त्यांनी जेवायला बोलावलं. केदारने आग्रह करकरून वाढलं. मी "पुरे" म्हणून ताटावर हात आडवा धरला. जेवणं झाल्यावर आम्ही बडीशेप खात बसलो होतो. केदार किचनमधून म्हणाला, "आई, मागचं दार लावलंय मी."

मावशी उठल्या. सावकाश दारापाशी गेल्या आणि हँडल ओढून बघितलं. केदार सिंकपाशी पाठमोरा उभा होता. नळ चालू होता, पण त्याचे हात थांबले होते.

"लागलंय," मावशी म्हणाल्या आणि परत माझ्याशेजारी येऊन बसल्या.