शिंकांची वाटी

स्वयंपाकघरातला जुना मिसळणाचा डबा रिकामा झाला तेव्हा मी त्यात औषधं ठेवायला लागले. सात वाट्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी: ताप, घसा, पोट, पित्त, जुलाब, अंगदुखी, शिंका. गोळ्यांची अख्खी पट्टी वाटीत मावत नाही, म्हणून दुकानातून आणल्याबरोबर मी कात्रीने एकेक गोळी सुटी कापायचे. झाकणाच्या आत यादी, कुठली किती उरली त्याची. शेजारच्या दोघींनी माझं बघून तसे डबे केले. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी डिलाईल रोडवरची आमच्या समोरची चाळ पाडायला घेतली. खिडक्या लावल्या तरी भांड्यांवर पांढरी धूळ बसायची. सुनेला शिंका सुरू झाल्या. सकाळी उठली की सलग. आमचे हे चहा घेता घेता मोजायचे.

"आज अकरा झाल्या गो! कालच्यापेक्षा दोन जास्त."

"बाबा, तुम्ही पण ना," ती म्हणायची आणि बारावी द्यायची.

मी तिला शिंकांच्या वाटीतली गोळी द्यायचे. रोज एक, तीन आठवडे तरी. ऑफिसला निघताना मीच हातावर ठेवायचे. मग एका रविवारी कळलं, तिला दिवस गेलेत, सातवा आठवडा चालू आहे. पेढे आले, मुलाने फिरतीवरून तीनदा फोन केला.

दोन दिवसांनी ती ऑफिसातून आली ती खांद्यावरची बॅगही न काढता स्वयंपाकघरात.

"आई, ती गोळी कुठली होती?"

"शिंकांची."

"नाव काय पण तिचं?"

तिने फोन पुढे केला. ॲलर्जीच्या गोळ्या आणि बाळातली व्यंगं यांचा संबंध असल्याच्या बातम्या. वरच्या दोन ओळी मी वाचल्या. डबा उघडला. यादीत लिहिलं होतं, शिंका: सात. नाव नव्हतंच. नावं मी कधी लिहिलीच नव्हती, कामं लिहिली होती.

वाटी ताटात उपडी केली तर त्यातून दोन जातीच्या गोळ्या निघाल्या. चार पांढऱ्या, तीन गुलाबी. गुलाबी शेजारणीकडच्या उरलेल्या, मीच मागून आणून टाकलेल्या.

"मी दोन्ही खाल्ल्यात," सून म्हणाली. "आधी गुलाबी, मग पांढरी." आणि जमिनीवरच बसली.

हे चष्मा लावून तिच्याशेजारी बसले. पट्टीच्या मागे छापलेलं नाव माझ्या कात्रीने चौकोनाचौकोनांत वाटून टाकलं होतं. एका तुकड्यावर दोन अक्षरं, दुसऱ्यावर नुसती तारीख.

"एवढी सुबक कापलीस," हे म्हणाले, "की पोलिसांनाही पत्ता लागायचा नाही."

सुनेला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही. मला काहीच आलं नाही. तिने विचारलंही नाही की आई, न वाचता का दिलीत, आणि तेच मला जड जात होतं.

पांढऱ्यांचे चार तुकडे फिरवून फिरवून जुळले. गुलाबीचं अर्धं नाव संपलेल्या गोळ्यांबरोबर कचऱ्यात गेलं होतं. उरलेले तुकडे घेऊन मी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे गेले. त्याने एका नजरेत ओळखलं, शेजारणीच्या घरी तोच गोळ्या पुरवतो. पूर्ण नाव त्याने कागदावर लिहून दिलं.

सकाळी हिंदमाताजवळ तिच्या डॉक्टरीणबाईंकडे. मी अकरा प्रश्न लिहून नेले होते. त्यांनी आधी माझ्या डब्याची हकीकत ऐकली.

"मिसळणाचा? मग फोडणीत काय, गोळ्या घालता?"

मग त्या सुनेकडे वळल्या. दोन्ही नावं वाचली. "बातमी खोटी नाही. काही अभ्यासांत असा संबंध दिसला होता. पण दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नसतं. ज्या आईच्या बाळात काही निघतं, ती काय काय खाल्लं ते खणून खणून आठवते. बाकीच्या विसरतात. पुढे जास्त बायकांची माहिती तपासली तेव्हा बहुतेक ठिकाणी तो संबंध टिकला नाही. तुझ्या या दोन्ही गोळ्या बऱ्याच गर्भार बायकांनी घेतल्यात. मला त्यांची धास्ती वाटत नाही."

"म्हणजे नक्की काही होणार नाही ना?" सुनेने विचारलं.

"नक्की मी कुणालाच सांगत नाही, एकही गोळी न खाणारीलासुद्धा नाही. पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत नीट बघू. तोवर मला विचारल्याशिवाय गोळी घ्यायची नाही, आणि मी दिलेली मनाने बंद करायची नाही. आणि सासूबाई, तुम्ही कात्री शिवणाच्या डब्यात ठेवा."

माझ्या अकरापैकी नऊ प्रश्न तिथेच खोडले गेले.

पाचव्या महिन्यापर्यंत सून ओल्या फडक्याने खिडक्या पुसून घेई, नाकाला ओढणी बांधून बाहेर पडे. शिंका कमी झाल्या, तसं आमच्या ह्यांनी मोजणं सोडलं. सोनोग्राफीच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसून होते. वाचायला यादी नव्हती, करायला काही नव्हतं. असं नुसतं अर्धा तास बसणं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

ती बाहेर आली ती बोटांवर मोजत. "ओठ नीट, मणका नीट, हृदयाचे चारही कप्पे, हात, पाय. आई, सगळं जागच्या जागी आहे! आणि त्या म्हणाल्या, फार वळवळतंय, फोटोला थांबत नाही."

मी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

बाहेर पडल्यावर ती कापडाच्या दुकानांकडे वळली.

"अगं, जन्माआधी बाळाचं काही घेत नाहीत आपल्यात."

"घेत नाही आहे, बघतेय नुसतं."

पहिल्याच दुकानात तिने मऊ सुती कापडाचा तागा गालाला लावून पाहिला आणि माझ्याकडे सरकवला. मीही लावून पाहिला. दुकानदाराने विचारलं, "किती मीटर, ताई?"

दुपट्यांना किती लागतं ते मला पाठ होतं. मी सांगून टाकलं.