गोल्ड कार्डासाठी एक फेरी

ऑफिसात त्याला सगळे पायलट म्हणत. विमान चालवणं दूरच, त्याला साधी सायकलही धड चालवता येत नव्हती. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कंपनीच्या लिफ्ट देशभरातल्या उंच इमारतींत बसवलेल्या. एखादी कुठे रुसून बसली की साहेब याला विमानात घालून पाठवत. वर्षानुवर्षं एकाच कंपनीच्या विमानांनी फिरून स्वारी तिथे गोल्ड मेंबर झाली होती. सगळ्यांच्या आधी विमानात शिरायचं, लाउंजमध्ये गुबगुबीत खुर्चीत बसून फुकटची कॉफी प्यायची, आणि काउंटरवरची मुलगी ‘या सर’ म्हणाली की जरा उशिरानेच तिच्याकडे बघायचं! एरवी त्याला सर म्हणणारं होतं कोण? त्यामुळे त्या कार्डावर त्याचा भारी जीव.

घरीही तेच वेड. साबणाची वडी आणली तरी बँकेच्या कार्डावर, कारण त्यावर विमानाचे पॉइंट मिळत, आणि ते साठले की फुकट तिकीट. सकाळी चहाबरोबर तो बायकोला बातम्या वाचून दाखवायचा, कोणत्या कंपनीने नवी विमानं घेतली, कोणती कंपनी कोणात विलीन झाली. बायको बालवाडीत शिकवायची, तिला असल्या उत्साहाची सवय होती. ती स्वतः मात्र एकदाही विमानात बसली नव्हती. पॉइंट एका मोठ्या सहलीसाठी राखून ठेवलेले, आणि ती सहल काही निघत नव्हती.

यंदा घात झाला. लिफ्टचे बिघाड ऑफिसातल्या संगणकावरूनच निस्तरता येऊ लागले आणि याचे दौरे आटले. त्यात विमान कंपनीने जाहीर केलं, की वर्षअखेरीला जे गोल्ड असतील त्यांचं कार्ड तहहयात. याच्या खात्यात नेमकी दोन उड्डाणं कमी! पुढच्या वर्षी निवृत्ती, म्हणजे आता नाही तर कधीच नाही. शेवटी त्याने पदरचे पैसे घालून वर्षाच्या शेवटच्या दिवसाचं तिकीट काढलं. जायचं आणि त्याच विमानाने परत यायचं. घरी सांगितलं, कामाला चाललोय.

“आणि अवजारांची बॅग अजून माळ्यावरच?” आदल्या दिवशी बायकोने विचारलं. “लिफ्ट काय फुंकर मारून चालू करणार आहात?”

त्याचं तोंड एवढंसं झालं. सगळं ओकावंच लागलं. बायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, मग म्हणाली, “मीही येते. काढा ते पॉइंट.”

पॉइंट मोडताना त्याचा जीव कासावीस झाला, पण मोडले.

दुसऱ्या दिवशी लाउंज दाखवताना मात्र त्याची छाती फुगली होती. घरचं कार्य असल्यासारखा तो तिला आग्रह करत होता, हे घे, ते घे. तिने भोवती नजर फिरवली. जो तो आपापल्या फोनमध्ये, नाहीतर झोपलेला.

“इतकी वर्षं तुम्ही इथे एकटेच बसायचात?”

“एकटाच.”

“मला वाटायचं, मजेत असाल.”

“मलाही तसंच वाटायचं,” तो म्हणाला, आणि स्वतःच चपापला.

विमानात तिने खिडकी सोडली नाही. उतरताना त्याने एक उंच मनोरा दाखवला. “ती बघ, ती आपल्या लिफ्टची इमारत.”

“आपल्या लग्नाच्या वाढदिवसाला तुम्ही तिथेच होतात ना?”

“दोनदा.”

“मग एकदा दाखवा तरी ती सवत!”

परतीच्या विमानाची रांग लागलीच होती. पुढची सगळी विमानं भरलेली. हे चुकलं तर कार्ड गेलं, ते कायमचंच. हे तिलाही ठाऊक होतं, म्हणून ती गुपचूप त्याच्यामागे रांगेकडे निघाली. तिचं ते गुपचूप निघणं त्याला फार लागलं. आयुष्यभर तिने हेच केलं होतं.

“या सर, गोल्डवाले आधी,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

“आज नको. घरच्या माणसाबरोबर आहे. आम्ही गावात चाललोय.”

मुलीने संगणकात पाहिलं. “पण सर, मग तुमचं गोल्ड...”

“जाऊ दे,” तो म्हणाला. एकदा त्याने रांगेकडे पाहिलं, पण पाय वळले ते वळलेच. बायको भराभर चालत त्याच्या बरोबरीने आली.

मनोऱ्याच्या दारावरच्या पहारेकऱ्याने त्याला ओळखून आत सोडलं. लिफ्टचं दार मिटलं तसा बायकोने त्याचा दंड घट्ट धरला. थोड्या वेळाने पकड सैल झाली.

“अहो, चालू आहे ना ही? कळतसुद्धा नाही!”

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला याहून मोठी शाबासकी नसते, आणि ती त्याला आजवर कुणीच दिली नव्हती. वरच्या मजल्यावर दार उघडलं, पण दोघंही बाहेर पडली नाहीत.

“परत एकदा?” त्याने विचारलं.

“एकदाच?” असं म्हणत तिने स्वतःच तळमजल्याचं बटण दाबलं.